खिडकीचं पांढरं पाकीट

१४ जून

धाकटे,

आधी आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. घे. इकडे सगळे मजेत वगैरे लिहिणार नाही, कारण कुणी मजेत नाही.

नऊ वर्षं होत आली आणि आज आईचं पत्र आलं म्हणून भलतंसलतं मनात आणू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय. पाकिटावरचा पत्ता तुझ्याच एका पाकिटाच्या पाठीमागून उतरवलाय. ती लिपी मला येत नाही. स्वेटरचा नमुना उतरवावा तसा एकेक टाका मोजून उतरवला. पत्र हातात पडलं तर नमुना बरोबर होता म्हणायचं.

काम असं आहे. तुझ्या दादाने बावीस वर्षांची नोकरी सोडली आणि सल्ला द्यायचा धंदा सुरू केला. सल्ला म्हणजे आपण दारात उभं राहून फुकट देतो तोच, फक्त हा छापून देतो. पहिलंच गिऱ्हाईक मिळालं ते तुझ्या देशातलं. कागदाची गिरणी आहे. कागद वाळवायला तिथे माणसापेक्षा उंच लोखंडी ड्रम असतात, आत वाफ सोडतात. त्यांचा कागद एका कडेला ओला राहायचा आणि गुंडाळताना फाटायचा. दोन वर्षं त्यांच्या शिकलेल्या लोकांना कारण सापडलं नव्हतं. दादा तिथे तीन आठवडे जाऊन राहिला. लोखंडी गजाचं एक टोक ड्रमला लावलं, एक कानाला, आणि सांगितलं की ड्रमच्या पोटात पाणी साचतंय, निचऱ्याची नळी चुकीची बसवली आहे. मग आठ महिने इथून नकाशे काढले, फोनवर त्यांचे कामगार हाताळले. मशीन सरळ झालं. कागद फाटायचा थांबला.

मग त्यांनी कौतुकाचं पत्र पाठवलं, कॉम्प्युटरवर. फी नाही पाठवली. दादाने ते छापून भिंतीवर लावलंय, चौकटीत. कर्जाचा हप्ता मागायला बँकेचा माणूस आला तेव्हा दादाने त्याला तेच दाखवलं. तो म्हणाला, छान आहे.

कर्ज या घरावर आहे. तिकडे जायचा खर्च, महागडा कॉम्प्युटर, वर्षभराचं खाणं, सगळं या दोन खोल्यांवर काढलं. सप्टेंबर संपायच्या आत भरलं नाही तर दाराला त्यांचं कुलूप लागणार. नोटीस आली आहे.

कंपनीत एक गोड आवाजाची बाई आहे. आधी म्हणायची पुढच्या आठवड्यात. मग साहेब सुट्टीवर. मग हिशेबाचा माणूस बदलला. आणि आता म्हणते, शेवटचा कागद आम्ही फेब्रुवारीत नोंदणी टपालाने पाठवला होता, त्यावर सही करून अस्सल प्रत तीस दिवसांत परत पाठवायची होती, तुम्ही पाठवली नाही, म्हणून फाइल बंद. वर पोचपावतीचं चित्र पाठवलं, कुणाच्या तरी सहीचं. दादा म्हणतो असा कागद आलाच नाही, सही खोटी आहे. त्याने प्रकरण तिकडच्या लवादापुढे नेलंय. लवाद म्हणजे कोर्ट नव्हे, दोघांचं ऐकून निवाडा करणारा माणूस. तो कॅमेऱ्यावरून ऐकणार.

तुझ्या गावापासून ती कंपनी मोटारीने दोन तासांवर आहे असं दादाच्याच तोंडून बोलता बोलता ऐकलंय. तो तिथे तीन आठवडे होता आणि तुला भेटला नाही, त्याचा राग त्याच्यावर धरू नकोस. तुझं नाव या घरात काढायचं नाही ही ताकीद माझी होती.

तू तिथे जा. खिडकीशी उभी राहा. तुला उभं राहता येतं. आठ वर्षांची होतीस तेव्हा दुकानदाराने सुटे दिले नाहीत म्हणून तासभर त्याच्या फळीला धरून उभी राहिली होतीस. तशी राहा.

आणखी एक. खालच्या मजल्यावरची बाई विचारतेय. समजा कुणाच्या घरी असा तीस दिवसांचा कागद आलेला असेल, आणि दिवस उलटून गेल्यावर सापडला, तर तुमच्या देशात तो चालतो का? तिच्या भावाचं काहीतरी आहे. सहज विचारतेय.

तुझी पत्रं मिळाली. सगळी जपून आहेत. वाचली का ते विचारू नकोस.

उत्तर पाठव. पोस्टमन दुपारी येतो आणि दार मीच उघडते.

आई


२ जुलै

धाकटे,

उत्तर नाही. असो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि पीळ कुणाचा आहे ते मला माहीत आहे.

माझा गुडघा गेल्यापासून मी नोव्हेंबरनंतर खाली उतरलेली नाही. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या. दाराशी एक स्टूल आहे, त्यावर माझा मुक्काम. समोर आतल्या खोलीत दादा, स्क्रीनकडे तोंड करून. अंगात इस्त्रीचा शर्ट, कारण कधी तिकडून फोन येईल सांगता येत नाही. खाली पायजमा, कारण कॅमेरा तिथवर पोचत नाही. त्यांची सकाळ आपल्या दुपारी होते, म्हणून हा दुपारी दाढी करतो. मार्चपासून जिना त्यानेही उतरलेला नाही. माझ्या गुडघ्याचं कारण आहे. त्याचं काय मोडलंय ते दिसत नाही.

वहिनी तेवढी बाहेर जाते. रक्त तपासतात त्या दुकानात गल्ल्यावर बसते. येते, आम्हा दोघांकडे एकदा बघते आणि म्हणते, "आज कोण जास्त हललं?"

तुरुंगात निदान दिवसातून एकदा अंगणात सोडतात.

पण हे रडगाणं गायला कागद घेतलेला नाही. दादा आता शपथेवर लिहून देतोय की कंपनीने खोटी सही केली. वकिलाने त्याला सांगितलंय, हे सिद्ध झालं तर पूर्ण फी मिळेल, आणि उलटं सिद्ध झालं तर खोट्या आरोपाचा दंड तुमच्यावर. दादा म्हणाला, उलटं कसं सिद्ध होईल? मी स्टुलावर बसून मेथी निवडत होते. निवडलेली काड्यांत टाकली आणि काड्या पातेल्यात.

खालच्या मजल्यावर कुणी बाई नाही. तो मजला दोन वर्षं रिकामा आहे. ती बाई मी.

त्या दिवशी पोचपावतीचं चित्र आलं तेव्हा दादाने आम्हा दोघींना बोलावून दाखवलं. म्हणाला, "बघा, ही म्हणे सही. पोराने काढलेली कोंबडी आहे ही." वहिनी हसली. मी चष्मा नाही म्हणाले. चष्मा नाकावर होता.

गोल, आणि खाली दोन पाय. तू असतीस तर एका नजरेत ओळखलं असतंस. इस्पितळाच्या धुलाईघरात प्रत्येकीच्या गठ्ठ्याला तिची खूण असायची, लाल दोऱ्याने. माझी ही. बाकीच्या तिला बिनमुंडीची कोंबडी म्हणायच्या. तुझ्या दप्तरावर, तुझ्या टॉवेलवर मी तीच घातली होती आणि तू वर्गात रडून आली होतीस. दादा तेव्हा वसतिगृहात होता. त्याने कधी पाहिली नसावी. नंतर प्रौढांच्या वर्गात जाऊन मी नाव लिहायला शिकले, बँकेत नावच लिहिते. पण पोस्टमनने पुढे केली ती काच आणि प्लॅस्टिकची काडी. काचेवर अक्षर घसरायला लागलं. तो म्हणाला आजी काहीही काढा. काहीही म्हटल्यावर हाताने जे सव्वीस वर्षं काढलं तेच काढलं.

आता तू म्हणशील, मग पाकीट दादाला का दिलं नाही.

कारण मला वाटलं ते तुझं आहे.

तुझं पत्र वर्षातून दोनदा येतं, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. दारातूनच मी ते घेते आणि माझ्या लोखंडी पेटीत, जुन्या चादरीखाली, बिस्किटांच्या डब्यात टाकते. दादाला माहीत नाही. वहिनीला माहीत नाही. ज्या मुलीचं नाव घ्यायचं नाही तिची पत्रं आई घेते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि उघडलं एकही नाही. आता लिहूनच टाकते, एकही नाही. त्यामुळे कुठलं काय हे मला कळायचं कारणच नव्हतं.

तेव्हा फेब्रुवारी होता. त्या देशाचं तिकीट, तोच पक्षी. तुझं पाकीट निळसर असतं, हे पांढरं, लांब, पुढे कागदी खिडकी असलेलं. मी म्हटलं, मुलगी सुधारली, टाइप करायला लागली. सही मागितली तेव्हा म्हटलं, आता आईचा भरवसा उरला नाही, पोचपावती घेतेय. टाकलं डब्यात.

दादाने मला विचारलं होतं, धाकटे. एप्रिलमध्ये, नीट समोर बसून विचारलं की आई, फेब्रुवारीत काही टपाल आलं होतं का. मी म्हटलं, "मला कोण पत्र लिहिणार?"

हे माझं उत्तर. याच्यावर त्याने सगळी केस उभी केली आहे.

ते पांढरं पाकीट आता माझ्या पेटीत आहे. सांगितलं तर त्याची शपथ खोटी पडते. नाही सांगितलं तर तो ती घेतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त दाबणारा हातही माझाच.

तू कंपनीत गेलीस का? नसशील गेली तर आता जाऊन काय बोलणार तेही मला सुचत नाही.

आई


१९ जुलै

धाकटे,

तुला माझी पत्रं मिळतायत की नमुना चुकलाय, देव जाणे. तरी लिहिते. ऐकायला दुसरं कुणी नाही.

वहिनीने मला पकडलं. तिला दुपारी सुट्टी होती हे मी विसरले. पेटी उघडी, डबा मांडीवर, हातात ते पाकीट. दाराशी उभी राहून ती म्हणाली, "बिस्किटं लपवून खाताय की काय?" मग तिने पाकिटावरचं नाव वाचलं आणि पिशवी खाली ठेवली.

तिने पाकीट फोडलं, उभ्याउभ्याच वाचलं, मग माझ्या शेजारी जमिनीवर बसून मला हळू आवाजात सांगितलं. आत दोन कागद. एकावर रक्कम, पूर्ण नाही, पाच हिश्शांतले तीन. सही करा आणि अस्सल प्रत परत पाठवा, पैसे देऊ. दुसऱ्यावर शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर आपल्याला हे नको आहे असं आम्ही समजू.

मी म्हटलं, आता जाऊन दादाला सांगते. उठायला लागले तर तिने माझा हात धरला. तिने माझा हात धरल्याचं मला लग्नानंतर आठवत नाही. म्हणाली, "आई, त्याच्याकडे आता एवढंच उरलंय की ते खोटारडे आहेत. तेही काढून घेऊ नका."

आतून दादाचा आवाज येत होता, वकिलाला तो सांगत होता की त्या कोंबडीची तपासणी हस्ताक्षराच्या तज्ज्ञाकडून करून घ्यायची. तज्ज्ञाची फी वेगळी. वहिनीचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेय. हसत होती. मग रडली, पण तेवढंच, थोडं. पाकीट परत डब्यात टाकलं आणि कणीक मळायला गेली.

आता चोर एकाचे दोन झाले. जेवायला तिघं बसतो आणि दोघी ताटात बघतो. परवा तो म्हणाला, तुम्ही दोघी भांडत का नाही हल्ली?

डबा उघडलेलाच होता म्हणून मी तुझी पत्रं काढली. मोजली. सतरा असायला हवीत. सोळा भरली. परत मोजली, धुलाईघरात गठ्ठ्यात एक चादर कमी आली की मोजायचो तसं, जमिनीवर मांडून. सोळाच. सतरावं म्हणून जे मी जपून ठेवलं होतं ते कंपनीचं.

म्हणजे फेब्रुवारीत तू लिहिलंच नव्हतंस. तू थांबलीस आणि मला पत्ता लागला नाही. ती कोंबडी दिसेपर्यंत मी कागदाच्या गिरणीचं पाकीट माझी मुलगी म्हणून चादरीखाली ठेवलं.

मग वाचली. माझा वाचायचा वेग तुला माहीत आहे. चार दिवस लागले.

पहिल्यात तू लिहिलंयस की बाबा गेले तेव्हा तुझा पासपोर्ट मालकाने कपाटात ठेवला होता आणि दोन वर्षं पुरी होईपर्यंत देणार नव्हता. मी विचार करत बसले, हे हिने फोनवर का नाही सांगितलं? मग आठवलं. मी सांगू दिलं नाही. "बापाला आली नाहीस, आता मलाही येऊ नकोस," म्हणून मी फोन ठेवला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. नऊ वर्षं मी ज्या गोष्टीचा राग धरला ती गोष्ट घडलेलीच नाही, आणि तसं लिहिलेला कागद माझ्याच पेटीत होता.

पाचव्यात तुला मुलगी झालेली आहे. म्हणजे सहा वर्षं मी आजी आहे. कुणी कळवलं नाही म्हणायची सोय नाही. सातव्यात तिचा फोटो आहे. नाक माझं आहे, त्याला इलाज नाही. पुढे शोभेल.

तू म्हाताऱ्या माणसांच्या घरात काम करतेस. लोकांच्या आया उचलतेस, आंघोळ घालतेस. त्यांतली एक तुला चिमटे काढते आणि तरी तुला आवडते, असं बाराव्यात आहे. त्या बाईला माझा नमस्कार सांग.

शेवटचं गेल्या ऑगस्टचं. आठच ओळी. त्यातली सातवी अशी, की आता उत्तर आलं नाही तर तुला मी नको आहे असं समजेन आणि लिहिणं थांबवेन.

वहिनीने वाचून दाखवलेली ओळ आणि ही ओळ. एकाच डब्यात, एकावर एक.

फोन नंबर चौदाव्यात होता. वहिनीने लावला. कुणी परका माणूस उचलतो आणि त्याच्या भाषेत चिडतो. तीनदा लावला, तिसऱ्यांदा त्याने ओळखलं.

सहा ऑगस्टला लवाद बसणार आहे.

आई


७ ऑगस्ट

धाकटे,

काल झालं. सांगते.

दादाने चौकटीतलं कौतुकाचं पत्र मागच्या भिंतीवर आणून टांगलं, कॅमेऱ्यात दिसावं म्हणून. वहिनीने सुट्टी घेतली होती. मी स्टुलावर. स्क्रीनवर चार तोंडं. दाढीवाला म्हातारा, तो लवाद. कंपनीचा वकील. गोड आवाजाची बाई, जी दिसायला अगदी पोरगी निघाली, दमलेली. आणि एक दुभाषी बाई, आपल्या भाषेत बोलणारी, कारण दादाला कायद्याचं बोलणं समजेल की नाही म्हणून लवादाने बोलावली होती.

लवादाने दादाला सांगितलं की आता उजवा हात वर करा आणि सांगा, ही सही तुमच्या घरातल्या कुणाची नाही.

दादाने हात वर केला. बाही चुरगळली होती, मी इस्त्री केली होती तरी.

वहिनी माझ्याकडे बघत होती. नको म्हणत होती की हो, ते तिलाही माहीत नसावं. मी उठले. स्टुलापासून त्या खुर्चीपर्यंत सात पावलं आहेत. दादा हात वर धरूनच म्हणाला, "आई, आता नको, बस." त्याला वाटलं मी चहा विचारायला आले.

मी कॅमेऱ्यात वाकून म्हटलं, "ती कोंबडी माझी आहे."

दुभाषी बाई म्हणाली, आजी, पुन्हा सांगाल का. मी पुन्हा सांगितलं, या वेळी सही म्हटलं.

दादाचा हात वरच होता. वहिनीने येऊन तो खाली घेतला.

लवादाने मला खुर्चीवर बसवलं. कागदावर खूण काढून कॅमेऱ्यापुढे धरायला लावली. धरली. कंपनीचा वकील खूश झाला, म्हणाला म्हणजे कागद पोचला होता. लवादाने विचारलं, पोचला तर मुलाला का दिला नाही. मी म्हटलं, मुलीचं पत्र समजून ठेवला. मुलीची पत्रं मी उघडत नव्हते.

ते दुभाषी बाईने सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, आणि काहीतरी विचारलं. बाई मग म्हणाली, "ते विचारतायत, उघडायची नव्हती तर ठेवली कशाला?"

हा केसमधला प्रश्न नव्हता. तरी मी उत्तर दिलं. "टाकता येत नाहीत म्हणून."

मग दादा बोलला. मला वाटलं माझ्यावर ओरडेल. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला की आरोप मागे घेतो, आणि त्या मुलीची, गोड आवाजाच्या, माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. तिलाही वरचं कुणीतरी झापत असणार.

निकाल असा लागला. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं, घरात पोचला म्हणजे पोचला. लवाद म्हणाला, कागद मुलाच्या नावाने, घेतला आईने, आईला ती लिपी येत नाही, पोस्टमनने नाव विचारलं नाही. तेव्हा तीस दिवस आजपासून मोजा. रक्कम त्या कागदावरचीच, पाच हिश्शांतले तीन. खोट्या आरोपाबद्दल त्यातूनही थोडे कापणार. बँकेला तरीही पुरतात, वहिनीने पाठीमागे लगेच मांडून पाहिलं.

पण अट आहे. सही केलेला अस्सल कागद पाच सप्टेंबरच्या आत कंपनीच्या खिडकीवर द्यायचा, आणि भांडणच टपालाचं आहे म्हणून टपालाने चालणार नाही. हातोहात. अर्जदाराने यावं किंवा त्याच्या रक्ताच्या नातेवाइकाने. दादा म्हणाला, तिकिटाला पैसे नाहीत आणि तिकडे जायचा परवाना महिन्याभरात मिळत नाही. लवादाने विचारलं, या देशात तुमचं कुणी आहे का?

दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दुभाषी बाईच म्हणाली, आपल्या भाषेत, अगदी हळू, "आजी, ती मुलगी कुठे असते?"

मी सांगितलं.

स्क्रीन बंद झाल्यावर दादा उठला. कपाटातून पँट काढली, घातली, आणि जिना उतरून गेला. बहात्तर पायऱ्या मी कानाने मोजल्या. दोन तासांनी आला, घामाने भिजलेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पत्रं दे." मी डबा दिला. तो घेऊन आत गेला आणि दार लावलं. सकाळपर्यंत आतून फक्त कागदाचा आवाज.

आई


११ ऑगस्ट

धाकटे,

दादा माझ्याशी बोलत नाही. काही हवं असेल तर वहिनीला सांगतो, वहिनी मला सांगते, मी तीन हातांवरच बसलेली असते. बोलेल कधीतरी. नाही बोलला तर या घरात ते चालतं, माझ्यापासूनच चालत आलंय.

मात्र पाकिटावरचा पत्ता या वेळी त्याने लिहिलाय. माझा नमुना बघून म्हणाला, म्हणजे वहिनीला म्हणाला, की घराच्या नंबरात शेवटच्या तिनाचा आठ झालाय. म्हणजे आधीची चारही पत्रं तुझ्या शेजारच्या कुणाकडे तरी पडली असतील, आणि तो माणूस वाचता येत नाही म्हणून ठेवून देत असेल. त्याच्याकडे जाऊन माग. नाही दिली तरी हरकत नाही. त्यांतलं मुख्य ते खाली परत लिहिते.

तुझी पत्रं मी नऊ वर्षं उघडली नाहीत. आता उघडली. चूक तुझी नव्हती.

सोबत दादाची सही केलेला कागद आहे, दोन पानं, आणि तू त्याची बहीण असल्याचं लवादाला हवं ते पत्र. पाच सप्टेंबरच्या आत कंपनीच्या खिडकीवर दे. ओळखपत्र बरोबर ने. ती गोड आवाजाची पोरगी असेल तर तिच्याशी नीट बोल. दुसरं कुणी असेल तर फळी धरून उभी राहा. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

तू गेली नाहीस तर ऑक्टोबरपासून आमचा पत्ता बदलेल. नवा मला माहीत नाही. कळवेन.

गेलीस म्हणून इकडे यायलाच हवं असं नाही. न जाता आलीस तरी जिना तोच आहे. नाकवालीला आण.

पाकीट वहिनी आज कुरियरने टाकतेय. हा कुरियरवालाही काच पुढे करतो. तुझ्या दाराशी आला की हवं ते काढ, मी ओळखेन.

आणि एक लक्षात ठेव. मी स्टूल दाराजवळ आणखी सरकवलंय. उत्तर आलं नाही तर मी वाट बघेन, परत लिहीन, परत वाट बघेन. उत्तर आलं नाही म्हणजे नको, असं मी समजणार नाही.

आई